पार्किंगच्या मधोमध बांधलेली गल्ली

फिलाडेल्फियाच्या दक्षिण टोकाला, ब्रॉड स्ट्रीटची भुयारी रेल्वे जिथे संपते तिथे, तीन मोठी स्टेडियमं शेजारी शेजारी उभी आहेत. एक अमेरिकन फुटबॉलचं, एक बेसबॉलचं आणि तिसरं छप्पर असलेलं, जिथे बास्केटबॉल आणि आइस हॉकी खेळतात. शहराच्या चारही मोठ्या टीम्स या एकाच आवारात खेळतात. मॅपवर सॅटेलाइट व्ह्यू लावून बघा. तीन मोठे वाडगे दिसतील आणि त्यांच्याभोवती करडं डांबर. घरं नाहीत, दुकानं नाहीत. आहेत ती फक्त पार्किंगची पांढरी रेघाटलेली मैदानं.

या डांबराच्या मधोमध एक वेगळी इमारत आहे. एका छपराखाली अनेक बार आणि खाण्याची ठिकाणं, मध्यभागी प्रचंड स्क्रीन, एक काउबॉय थाटाचा बार आणि बाहेर मोकळ्या अंगणात स्टेज. ३० मार्च २०१२ रोजी ती सुरू झाली तेव्हा तिचं नाव होतं एक्सफिनिटी लाइव्ह. एक्सफिनिटी हा इंटरनेट-केबलचा ब्रँड. २०२५ पासून तिचं नाव स्टेटसाइड लाइव्ह आहे, आणि स्टेटसाइड हा व्होडकाचा ब्रँड. पाटी बदलली तरी काम तेच राहिलं. मॅचला आलेल्या माणसाने थोडं आधी यावं, थोडं उशिरा जावं आणि मधल्या वेळात खावं-प्यावं.

मी कामानिमित्त दोन वर्षं या शहराजवळ राहिलो. सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला ही इमारत पाहताक्षणी ओळखीची वाटली. आमच्या धंद्यात युजर ॲपवर किती वेळ रेंगाळला हे रोज मोजलं जातं. इथे तीच कल्पना विटा-काँक्रीटमध्ये बांधलेली होती. पण एक प्रश्न डोक्यातून जाईना. स्टेडियमच्या बाहेर खाण्याची गल्ली तर जगात कुठेही आपोआप तयार होते. मग इथे ती एका कंपनीला बांधावी का लागली?

त्याचं उत्तर शोधायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

खुन्नशीचं कुंपण

१९०९ मध्ये फिलाडेल्फियाच्या उत्तर भागात शाइब पार्क उघडलं. काँक्रीट आणि स्टीलमध्ये बांधलेलं बेसबॉलचं हे पहिलं मोठं मैदान. आजूबाजूला दाट वस्ती होती, भिंतीला भिंत लागून बांधलेल्या दुमजली घरांच्या रांगा. उजवीकडच्या कुंपणाची उंची बारा फुटांच्या आसपास. त्यामुळे पलीकडच्या ट्वेंटिएथ स्ट्रीटवरच्या घरांच्या गच्चीतून सामना फुकटात दिसायचा.

मग व्हायचं तेच झालं. लोकांनी गच्च्यांवर लाकडी बाकडी ठोकली आणि तिकिटं विकायला सुरुवात केली. मोठ्या सामन्यांना झोपायच्या खोलीच्या खिडक्यासुद्धा भाड्याने जायच्या. त्या रस्त्यावरच्या घरांसाठी स्टेडियम हा जोडधंदा होता.

मंदीच्या काळात मैदानाच्या आतल्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या, तशा या गच्च्या मालकांच्या डोळ्यांत खुपू लागल्या. १९३५ मध्ये त्यांनी उजवीकडची भिंत पत्रे ठोकून चौतीस फुटांपर्यंत वाढवली. गच्च्या आंधळ्या झाल्या. लोकांनी त्या भिंतीला नाव दिलं, खुन्नशीचं कुंपण.

मला हा प्रसंग सगळ्या गोष्टीची किल्ली वाटतो. स्टेडियममध्ये गर्दी जमली की तिच्याभोवती पैसा फिरू लागतो. त्यातला काही दाराच्या आत पडतो, काही बाहेर. बाहेर पडणारा पैसा कुणाचा, हे भांडण तेव्हा सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही.

दलदलीवरचं शहर

शाइब पार्कचं खरं दुखणं मात्र गच्च्या नव्हत्या, गाड्या होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रेक्षक उपनगरांत राहायला गेले आणि कारने येऊ लागले. दाट वस्तीत हजारो गाड्या लावायच्या कुठे? शहराची नजर दक्षिणेकडे वळली.

दक्षिणेचा तो भाग एके काळी दलदलीचा होता. त्याला 'द नेक' म्हणत. भाजीपाला पिकवणारी, डुकरं पाळणारी माणसं तिथे राहायची. म्हणजे जागा तेव्हाही रिकामी नव्हती. १९२६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दीडशे वर्षं झाली म्हणून शहराने तिथे भराव टाकून मोठं प्रदर्शन भरवलं. त्या उन्हाळ्यात पावसाने पाठ सोडली नाही आणि प्रदर्शन सपशेल तोट्यात गेलं. त्यासाठी बांधलेलं लाखभर माणसांचं स्टेडियम मात्र उरलं. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला जॅक डेम्प्सी आणि जीन टनी यांची मुष्टियुद्धाची लढत तिथे झाली, तेव्हा भर पावसात एक लाख वीस हजारांहून अधिक लोक बसले होते. पुढे त्याला जॉन केनेडींचं नाव मिळालं. १३ जुलै १९८५ चा 'लाइव्ह एड' हा कार्यक्रम लंडनबरोबर जिथे झाला, ते हेच स्टेडियम.

या जुन्या स्टेडियमच्या शेजारी एकेक करून बाकीची आली. १९६७ मध्ये स्पेक्ट्रम नावाचं बंदिस्त अरीना आलं. १९७१ मध्ये आलेल्या व्हेटरन्स स्टेडियमवर बेसबॉल आणि फुटबॉल दोन्ही खेळले जायचे. १९७३ मध्ये भुयारी रेल्वे इथपर्यंत वाढवली गेली. हिशेब साफ होता. इथे गर्दीचा त्रास होईल अशी घरं जवळ नव्हती आणि गाड्यांना हवी तेवढी जागा होती.

पुणेकरांना हे नव्याने सांगायला नको. नेहरू स्टेडियम स्वारगेटला होतं. मॅच सुटली की चार पावलांवर सारसबाग, भेळ, पावभाजी. २०१२ पासून आंतरराष्ट्रीय सामने गहुंज्याला एक्सप्रेसवेच्या कडेला होतात. मैदान देखणं आहे, पण मॅच संपली की माणूस आधी आपली गाडी शोधतो आणि मग जेवण.

फिलाडेल्फियाच्या लोकांनी डांबरावरही आपली सोय करून घेतली. गाडीची डिकी उघडायची, शेगडी पेटवायची, सॉसेज भाजायचे, थंडीने बोटं आखडली तरी बिअरचा कॅन सोडायचा नाही. याला तिथे टेलगेटिंग म्हणतात. ओळख नसलेला माणूस शेजारच्या गाडीवरून हातात प्लेट ठेवतो. फुटबॉलच्या दिवशी हे सकाळपासून चालतं. व्हेटरन्स स्टेडियममध्ये दारू आणि मारामारी इतकी वाढली होती की १९९७ मध्ये स्टेडियमच्या तळघरात चक्क न्यायालय भरवलं गेलं आणि न्यायाधीश तिथल्या तिथे दंड ठोकू लागले.

म्हणजे लोकांनी घरून आणलेली गल्ली तिथे आधीपासून होती. ती चार चाकांवर यायची आणि रात्री निघून जायची. त्यातून तिकीटखिडकीला काहीच मिळत नव्हतं, एवढीच तिची उणीव.

स्पेक्ट्रमची जागा

आता ज्या जमिनीवर स्टेटसाइड लाइव्ह उभं आहे, तिच्याबद्दल. ती स्पेक्ट्रमची जमीन आहे.

स्पेक्ट्रम सुरू झालं आणि पहिल्याच मोसमात, मार्च १९६८ मध्ये, वाऱ्याने त्याच्या छताचा तुकडा उडवून नेला. फ्लायर्स या नव्याकोऱ्या हॉकी टीमला उरलेले 'घरचे' सामने दुसऱ्या शहरांत जाऊन खेळावे लागले. सहा वर्षांनी, १९७४ मध्ये, त्याच टीमने त्याच छताखाली स्टॅनली कप जिंकला. त्यांचा खेळ इतका आडदांड होता की त्यांना 'ब्रॉड स्ट्रीट बुलीज' म्हणजे ब्रॉड स्ट्रीटचे दांडगट म्हणू लागले. ११ जानेवारी १९७६ रोजी सोव्हिएत सैन्याची टीम इथे खेळायला आली. फ्लायर्सची धसमुसळेगिरी पाहून ती बर्फ सोडून निघून गेली. मानधन मिळणार नाही असं कळल्यावर परत आली आणि ४-१ अशी हरली. शीतयुद्धाच्या दिवसांत या शहराला तो निकाल पुढे कित्येक वर्षं पुरला. 'रॉकी' सिनेमात शेवटची लढत होते तीही याच स्पेक्ट्रममध्ये. ग्रेटफुल डेड या बँडने इथे पन्नासहून अधिक कार्यक्रम केले.

मग १९९६ मध्ये केनेडी स्टेडियमच्या पाडलेल्या जागेवर नवं अरीना आलं. प्रेक्षकांना जुन्यातून काही कमी दिसत होतं म्हणून ते बांधलं नव्हतं. नव्यात कंपन्यांना वर्षभरासाठी विकता येतील असे लक्झरी सूट भरपूर होते. त्या अरीनाचं नाव आजवर पाच वेळा ठरलं. आधी एक बँक, तिला गिळणारी दुसरी, मग तिसरी, मग चौथी आणि २०२५ पासून मोबाइल सेवा. अमेरिकन बँका कुणी कुणाला विकत घेतल्या, हे त्या एका पाटीवरून शिकवता येईल. भुयारी रेल्वेच्या स्टेशनचंही नाव विकलं गेलं, आधी टेलिफोन कंपनीला आणि मग वीज कंपनीला.

स्पेक्ट्रम दुय्यम झालं. २००८ मध्ये ते पाडून तिथे 'फिली लाइव्ह' नावाचं मोठं संकुल उभारायचं जाहीर झालं. जमिनीवर ताबा असलेली कॉमकास्ट-स्पेक्टाकॉर आणि बॉल्टिमोरची कॉर्डिश ही बांधकाम कंपनी, अशी ही भागीदारी होती. योजनेत हॉटेल होतं, दुकानं होती. ऑक्टोबर २००९ च्या अखेरीस पर्ल जॅम या बँडने लागोपाठच्या कार्यक्रमांनी स्पेक्ट्रमला निरोप दिला. २३ नोव्हेंबर २०१० रोजी लोकांच्या देखत पाडकामाचा पहिला गोळा भिंतीवर आदळला.

दरम्यान २००८ ची मंदी आली होती. हॉटेल गेलं, दुकानं गेली. उरली ती फक्त खाण्यापिण्याची इमारत. तिच्यातल्या एका पबला नाव दिलं ब्रॉड स्ट्रीट बुलीज. ज्या जमिनीवर ते दांडगट खरोखर खेळले, त्याच जमिनीवर ते आता मेन्यूकार्डावर छापले गेले.

यात फसवणूक आहे असं मला म्हणायचं नाही. बेसबॉलच्या एका संध्याकाळी मी तिथे तासभर बसलो होतो. शेजारच्या टेबलावर आजोबा, मुलगा आणि नात, तिघांच्या अंगात तीन वेगवेगळ्या पिढ्यांच्या जर्सी होत्या. मजा खरी होती. पण ती मजा कुठल्या गणितावर उभी आहे हेही दिसत होतं. बेसबॉलचे घरचे सामने वर्षाला ८१, बास्केटबॉल आणि हॉकीचे साधारण चाळीस-चाळीस, फुटबॉलचे जेमतेम आठ-नऊ. इतकी महाग जमीन उरलेल्या वेळात नुसती पडून राहते. शिवाय राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये टीव्हीच्या राष्ट्रीय करारांचा पैसा ३२ टीम्समध्ये सारखा वाटला जातो. दुसऱ्याच्या पुढे जायचं तर आपल्या अंगणातून कमवायला हवं. म्हणून ही कल्पना देशभर पसरली. सेंट लुइसमध्ये २०१४ साली बेसबॉल स्टेडियमच्या समोर 'बॉलपार्क व्हिलेज' आलं. अटलांटाची टीम २०१७ मध्ये शहराबाहेर गेली, तेव्हा स्टेडियमबरोबर रस्ते, घरं, ऑफिसं, बार असा अख्खा मोहल्लाच बांधून घेतला.

खुन्नशीचं कुंपण बांधायची गरज आता उरलेली नाही. कुंपणाबाहेरची गच्चीच आता मालकाची आहे.

रस्त्याच्या पलीकडे

स्टेडियमांच्या आवारातून ब्रॉड स्ट्रीट ओलांडला की एफडीआर पार्क लागतं. ऑल्मस्टेड बंधूंच्या फर्मने आखलेलं जुनं, तळ्याकाठचं उद्यान. तिथे उन्हाळ्यात शनिवार-रविवारी एक बाजार भरतो.

कंबोडिया आणि लाओसमधली युद्धं, कत्तली यांतून वाचलेली कुटुंबं निर्वासित म्हणून दक्षिण फिलाडेल्फियात आली. १९८० च्या दशकात त्यांतल्या काही बायका उद्यानात जमून घरचं जेवण करू लागल्या. आपल्या माणसांना हवं म्हणून थोडं विकू लागल्या. कोळशावर भाजलेल्या मटणाच्या काड्या, कुटलेल्या कच्च्या पपईची तिखट कोशिंबीर, सारण भरलेले कोंबडीचे पंख. परवाना नव्हता. अनेक वर्षं पोलीस आले की गाशा गुंडाळायचा, दंड भरायचा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचं. अलीकडच्या वर्षांत उद्यानाचा नवा आराखडा आला, तेव्हा विक्रेत्यांनी संघटना केली, शहराशी बोलणी केली आणि बाजाराला रीतसर जागा मिळवली.

दोन्ही ठिकाणांमध्ये चालत जाण्याइतकंच अंतर आहे. एकीकडे कंपन्या, आराखडे, करार आणि पाटीचे हक्क. दुसरीकडे ताडपत्री, शेगडी आणि आठवणीतल्या पाककृती. पपई कुटणाऱ्या एका मावशींसमोरची रांग संपायला मला अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात मागेपुढे चार भाषा ऐकू आल्या. कुणी कुणाचा वेळ मोजत नव्हतं.

चायनाटाउनचा नकार

हे सगळं गोड खाद्यप्रवासावर संपलं असतं. पण फिलाडेल्फियात या प्रश्नाची अलीकडे खरीखुरी लढाई झाली.

शहराच्या मध्यभागी चायनाटाउन आहे. १८७१ मध्ये रेस स्ट्रीटवर एका चिनी माणसाची लॉन्ड्री सुरू झाली, तिथून वस्तीची सुरुवात मानतात. पुढे तिच्या एका बाजूला मॉल आला, दुसरीकडे अधिवेशन केंद्र, आणि १९९१ मध्ये पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गाने वस्ती मधोमध चिरली. २००० मध्ये महापौर जॉन स्ट्रीट यांनी बेसबॉलचं नवं स्टेडियम वस्तीच्या उत्तर कडेला बांधायचं ठरवलं. चायनाटाउन रस्त्यावर उतरलं. त्याच वर्षी तो बेत मागे घेतला गेला आणि स्टेडियम पुन्हा दक्षिणेच्या डांबरावर गेलं.

जुलै २०२२ मध्ये सिक्सर्स या बास्केटबॉल टीमच्या मालकांनी १.३ अब्ज डॉलरचं अरीना चायनाटाउनच्या अगदी कडेला बांधायची घोषणा केली. त्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. मध्यवर्ती जागा, खाली रेल्वे, लोक गाडीशिवाय येतील, मरगळलेल्या मार्केट स्ट्रीटला जीव येईल. बांधकाम संघटना आणि महापौर शेरेल पार्कर बाजूने होत्या. चायनाटाउनचे लोक वॉशिंग्टन शहराकडे बोट दाखवत होते. तिथल्या चायनाटाउनमध्ये १९९७ ला अरीना आलं. आज चिनी लिपीतल्या पाट्या आणि कमान आहे, पण चिनी रहिवासी फारच थोडे उरलेत. २०२३ मध्ये राष्ट्रीय वारसा संस्थेने फिलाडेल्फियाचं चायनाटाउन देशातल्या सर्वाधिक धोक्यातल्या ठिकाणांच्या यादीत घातलं.

१९ डिसेंबर २०२४ रोजी नगर परिषदेने १२ विरुद्ध ५ मतांनी अरीना मंजूर केलं. घोषणा देणाऱ्या लोकांना सभागृहातून बाहेर काढावं लागलं. आणि जानेवारी २०२५ मध्ये, महिनाही झाला नव्हता, तेव्हा सिक्सर्सच्या मालकांनी स्वतःच माघार घेतली. कॉमकास्टशी हातमिळवणी करून नवं अरीना दक्षिणेच्या संकुलातच बांधायचं त्यांनी ठरवलं. अडीच वर्षं वस्तीने मोर्चे काढले, वकील लावले, झोप घालवली. शेवटी निर्णय दोन कंपन्यांच्या आपसातल्या बोलण्यातून झाला. चायनाटाउन वाचलं, पण त्याला विचारून नाही.

इथे मला दोन्ही जागा एकाच धाग्याने बांधलेल्या दिसतात. दक्षिणेला डांबर होतं म्हणून चायनाटाउन दोनदा वाचलं. आणि दोन्ही वेळा स्टेडियम डांबरावर परतलं म्हणून तिथे बांधलेल्या गल्लीची गरज वाढत गेली. आता त्या आवारासाठी अब्जावधी डॉलरची नवी स्वप्नं आखली जात आहेत, हॉटेलं, घरं, कार्यक्रमांची थिएटरं. २००८ च्या मंदीने जे कापलं होतं, ते पुन्हा कागदावर आलं आहे.

मला त्यात वाईट दिसत नाही. डांबरावर बांधा, हवं तेवढं बांधा. पैसे घालून बार बांधता येतात, मोठे स्क्रीन लावता येतात, जुन्या टीमचं नाव पबला देता येतं. गल्ली मात्र बांधता येत नाही. ती कुणीतरी शेगडी घेऊन येतं, दंड भरतं आणि पुन्हा येतं, तेव्हा होते. आणि मोडायला तिला नगर परिषदेची एक सभा पुरते. म्हणून पुढच्या वेळी तुमच्या शहरात स्टेडियमचा चकचकीत आराखडा जाहीर झाला, तर त्यातली झाडं आणि कारंजी नंतर बघा. आधी बघा की त्या चौकोनात आज कोण बसतं, काय विकतं आणि कधीपासून. शाइब पार्कच्या गच्च्यांवरची बाकडी कधीच गेली. ती कुणी ठोकली होती त्यांची नावं कुठल्याही पबच्या भिंतीवर नाहीत.